शंका घेणाऱ्या माणसाचे मोल

संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा यंत्रसामग्रीच्या खरेदीपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी २०१६ मध्ये पडलेला दरोडा या दृष्टीचे अपुरेपण दाखवून देतो.

दरोडेखोरांनी बँकेच्या संगणकांत शिरकाव करून, 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेमार्फत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे रकमा वळत्या करण्याचे ३५ आदेश धाडले. मागणी होती सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलरांची. एका गरीब राष्ट्राच्या परकीय गंगाजळीची! यंत्राच्या लेखी हे आदेश रीतसर होते. आदेश खरा की खोटा हे ते खुणेवरून ठरवते. त्यामागील हेतू त्यास कळत नाही.

फिलिपिन्समध्ये ८ कोटी १० लाख डॉलर पोहोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले. 'फाउंडेशन' या शब्दाचे चुकलेले स्पेलिंग वाटेतील एका बँकेत खटकले आणि विचारणा झाली. उरलेले आदेश अडण्यास एका शाखेच्या पत्त्यातील 'ज्युपिटर' हा शब्द कारणीभूत ठरला. निर्बंधांच्या यादीतील एका नावाशी तो जुळत होता. येथे यंत्राने शब्द ओळखला खरा, परंतु दरोडा ओळखला नव्हता. तो निव्वळ योगायोग होता.

उलट ढाक्यात व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर बंद पडला, तेव्हा तो नेहमीचाच बिघाड मानला गेला. तात्पर्य, माणूस असणे पुरेसे नाही. त्याने विचार करणे आवश्यक आहे.

विचार करावयास वेळ लागतो, आणि आजच्या हिशेबात वेळ म्हणजे केवळ खर्च. शंका काढणारा कारकून कामास विलंब लावणारा ठरतो. मुकाट्याने पुढे ढकलणारा कार्यक्षम! ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा हा धोका आपल्याही दाराशी आल्याचे दिसले. म्हणूनच यंत्रांवर पैसा खर्च करताना, संशयास्पद व्यवहार थांबविण्याचा अधिकार कनिष्ठ कर्मचाऱ्यासही दिला पाहिजे. आणि त्याची शंका निराधार ठरली तरी त्यास बोल लावता कामा नये. चुकीच्या शंकेने काही तास वाया जातील. न घेतलेल्या शंकेची किंमत ठेवीदारांना आणि राष्ट्राला मोजावी लागते.