बाळाच्या किडनीतला फुगवटा

कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्राला गर्भलिंगनिदानाचा कडवट इतिहास आहे. २००१च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसले आणि तपासण्यांवर प्रशासनाची नजर राहू लागली. ते गरजेचंच होतं. पण गर्भातले दोष शोधणं हे याच यंत्राचं कायद्याने मान्य केलेलं काम, आणि त्याबद्दल घराघरांत फारच कमी बोललं जातं. पाचव्या महिन्यातल्या तपासणीत वरचेवर दिसणारी अशी एक गोष्ट म्हणजे ‘किडनीला सूज’, अर्थात हायड्रोनेफ्रोसिस. शंभरातल्या साधारण एक-दोन गर्भांत ती आढळते.

सूज म्हटलं की घर हादरतं. प्रत्यक्षात किडनीत लघवी साठून ती फुगलेली असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घातले की नदीचं पाणी मागे दूरवर फुगतं, तसंच हे. फुगवटा वर दिसतो, त्याचं कारण बहुतेकदा खाली असतं. ते नेमकं कुठे आहे, यावर उपचार ठरतो.

बऱ्याच बाळांत कायमचा अडथळा नसतोच. सौम्य फुगवटा जन्मानंतर वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. त्याला फक्त ठरलेल्या वेळी सोनोग्राफी लागते.

खरा अडथळा सर्वाधिक वेळा सापडतो तो किडनीतून मूत्रवाहिनी निघते त्या तोंडाशी. तिथला स्नायूचा तुकडा नीट आकुंचन पावत नाही आणि लघवी पुढे ढकलली जात नाही. थोड्या मोठ्या मुलांत कधी एखादी रक्तवाहिनीच तिथे आडवी येते. मग पोट दुखतं, उलट्या होतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात. घरचे जंतांचं औषध देत राहतात. अशा मुलाची सोनोग्राफी दुखत असतानाच व्हायला हवी, कारण कळ थांबली की फुगवटाही उतरलेला असू शकतो. किडनीचं काम घटत असेल तर अरुंद भाग कापून नवा जोड देतात. अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही प्रमाण मानली जाते.

काही मुलांत अडथळा नसतो, पण मूत्राशयातली लघवी उलटी वर चढते. त्यांना वारंवार ताप येतो. सर्दी-खोकला नसताना बाळ तापलं, तर लघवीची तपासणी टाळू नये. जंतुसंसर्गाने किडनीवर पडलेले व्रण भरून येत नाहीत.

सगळ्यात घातक प्रकार मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्याचा. तो फक्त मुलग्यांत होतो. सोळाव्या आठवड्यानंतरचं गर्भजल मुख्यतः बाळाची लघवीच असते; ती अडली की गर्भजल घटतं आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. ‘दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय मोठं, गर्भजल कमी’ एवढं अहवालात असलं, की लिंगाचा उल्लेख न करताही बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात प्रसूती ठरवता येते.

एरवी नवजात बाळाची सोनोग्राफी ४८ तासांनंतर करतात, कारण पहिले दोन दिवस लघवी कमी होते आणि फुगवटा लपतो. या पडद्याचा संशय असेल तर मात्र लगेच. दुर्बिणीने तो कापल्यावरही मूत्राशय कडक राहू शकतं, म्हणून किडनीची तपासणी मूल वयात येईपर्यंत चालू ठेवावी लागते. आणि जिथे गर्भातली तपासणी झालीच नाही, तिथे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीलाही डॉक्टरांनी विचारावं: धार नीट येते, की बाळ कुंथतं आणि थेंबथेंब होते?