पाण्यात बंद पडलेली गाडी
(गाडी आणि आपण : भाग ९)

साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात आणि चालकाचा हात आपोआप चावीकडे जातो. पुढच्या चार सेकंदांत काय घडतं, यावर कधी कधी लाखभर रुपयांचा फरक पडतो. मागच्या भागात वायपर आणि टायर पाहिले. या आठवड्यात फक्त पाण्याबद्दल लिहितो आहे, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीवाल्याचं सर्वांत मोठं नुकसान पाणीच करतं आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं.

पाणी शिरल्यावर इंजिनाचं नेमकं काय बिघडतं, ते आधी समजून घेऊ. सिलिंडरमध्ये हवा येते, पिस्टन वर सरकतो आणि त्या हवेला दाबून अगदी थोड्या जागेत बसवतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. पिस्टन पार वर पोचतो तेव्हा डोक्यावर उरलेली जागा असते सुमारे ३० सीसी. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन मोठे चमचे पाणी शिरलं, की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. डिझेल इंजिनात हवा याहून जास्त दाबली जाते, त्यामुळे तिथे ही जागा आणखी कमी. पिस्टन अडला तरी क्रँकशाफ्ट फिरायचं थांबत नाही आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो मोडून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो. गॅरेजात याला ‘इंजिन लॉक झालं’ म्हणतात.

वेगात असताना पाणी शिरलं तर रॉड त्याच क्षणी वाकतो, तिथे आपल्या हातात काही राहत नाही. पण गाडी हळू चालली असेल, एअर फिल्टर भिजून हवा अडली असेल आणि इंजिन गुदमरून बंद पडलं असेल, तर आतले भाग पुष्कळदा शाबूत असतात. पाणी फिल्टरच्या डब्यात किंवा पाइपमध्ये थांबलेलं असतं. सेल्फ मारला की इंजिन तेच पाणी आत ओढतं. म्हणून नियम एकच: पाण्यात बंद पडलेली गाडी पाण्यात असताना पुन्हा सुरू करायची नाही, आणि बाहेर काढल्यावरही मेकॅनिकने पाहिल्याशिवाय नाही. ढकलून, गिअर टाकून सुरू करण्याचा प्रयत्न तर त्याहून घातक. पुशबटणाच्या गाडीत हा मोह जास्त होतो, कारण बोट टेकवलं की काम होतं. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला, विशेषतः नव्याने शिकलेल्या मुलांना, हे आत्ताच सांगून ठेवा.

आता सायलेन्सरविषयीचा समज. पाणी सायलेन्सरमधून शिरतं, म्हणून जोरात रेस देत जायचं, असं बरेच जण मानतात. यात अर्धंच तथ्य आहे. इंजिन चालू असताना बाहेर पडणारा धूर पाण्याला मागे ढकलतो, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज स्थिर ठेवून, मध्येच गिअर न बदलता हळू जाणं योग्यच. खरा धोका मात्र पुढून असतो. इंजिनाला लागणारी हवा बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली पुढच्या बाजूने, जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या आसपास घेतली जाते. जोरात गेलात तर बंपरसमोर लाट उभी राहते आणि ती लाट थेट त्या तोंडापर्यंत पोचते. शिवाय रेस जितकी जास्त, तितकी हवा जोरात ओढली जाते. समोरून येणारी बस किंवा उंच एसयूव्ही तुमच्या बाजूला पाणी लोटते, तेव्हाही हेच होतं. ती आधी जाऊ द्या, पाणी शांत होऊ द्या आणि मग उतरा. आपल्या गाडीत हवा कुठून घेतली जाते, हे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला बॉनेट उघडून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पाणी पाहिल्यावर निर्णय घेताना तीच उंची डोळ्यांसमोर येते.

किती पाण्यात उतरायचं? पुढे गेलेल्या गाडीची चाकं पाहा. पाणी चाकाच्या मध्याला टेकत असेल तर आपली हॅचबॅक किंवा सेडान घालायची नाही. फुटपाथची कड दिसेनाशी झाली असेल तर खोलीचा अंदाज बांधूच नका. रेल्वेखालचे सबवे यात सर्वांत फसवे, कारण रस्ता मध्यभागी खोल जातो आणि कडेला उभं राहून ती खोली दिसत नाही. मुंबईत अंधेरीचा सबवे पावसात वाहतुकीला पुन्हा पुन्हा बंद करावा लागतो, तो याच कारणाने. तिथे लावलेला अडथळा बाजूला सारून गाडी घालणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. त्यांना हात जोडून विनंती आहे, हे करू नका.

वाहतं पाणी असेल तर मापं काढत बसायचंच नाही. फरशी पुलावरून ओढ्याचं पाणी जात असेल, तर ते घोट्याएवढं दिसत असलं तरी थांबायचं. याचा ढोबळ हिशेब करून पाहा. छोट्या गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण चार चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर दर दहा सेंटिमीटरला ते गाडीला चारशे किलोच्या ताकदीने वर उचलतं. नऊशे किलोची गाडी रस्त्यापासून सुमारे चाळीस सेंटिमीटर पाण्यात तरंगू लागते. त्याच्या कितीतरी आधी चाकांवरचा भार कमी होतो, टायरची पकड सुटते आणि प्रवाह गाडीला आडवं ढकलतो. शिवाय पुलाचा कठडा किंवा मधला भराव वाहून गेला असेल, तर गढूळ पाण्याखाली ते कळणार नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा उभ्या केलेल्या गाड्याही पाण्याने उचलून नेल्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाड्यांमध्येच अडकून गेली. ती आठवण शहराच्या मनात अजून ताजी आहे आणि गाडीत हातोडी ठेवायची सवय अनेकांना तेव्हापासून लागली. ती सवय चांगली आहे, पण हातोडी डिकीत नको, हाताच्या अंतरावर हवी. पाणी दाराच्या उंबऱ्यावर चढू लागलं की आधी सीटबेल्ट सोडा आणि लगेच काचा खाली घ्या, कारण पॉवर विंडो पाण्यात किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो. दार उघडेल या आशेवर थांबू नका. मीटरभर रुंदीच्या दारावर बाहेरून अर्धा मीटर पाणी चढलं, तर त्यावर सव्वाशे किलोच्या आसपास दाब येतो. काच फोडायचीच वेळ आली तर बाजूची फोडा आणि घाव मधोमध न घालता कोपऱ्यात घाला. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका. ती दोन थरांत प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, तिला तडे जातात पण ती मोकळी होत नाही. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक एकदा उघडून खात्री करून घ्या. लहान मुलं असतील तर त्यांना आधी बाहेर काढा. गाडीची चिंता नंतर करता येईल.

गाडी सुखरूप पार झाली तरी लगेच वेग घेऊ नका. ब्रेक ओले असतात. थोडं अंतर हळू चालवत पेडल हलकं दाबून ते वाळवा.

बंद पडलेली गाडी गॅरेजात न्यायची ती शक्यतो फ्लॅटबेडवर चढवून. ऑटोमॅटिक गाडी तर चाकांवर ओढून नेऊच नये, गिअरबॉक्स खराब होतो. पाण्यातून बाहेर आल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवता आली तर उत्तम. सीटखाली आणि मधल्या कप्प्याच्या तळाशी वायरिंगचे सॉकेट आणि एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा असतो. ते ओले असताना त्यातून वीज खेळवायची नाही. चांगला मेकॅनिक आधी डिपस्टिक काढून पाहील. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. मग तो एअर फिल्टरचा डबा उघडेल, पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढेल आणि इंजिन हाताने फिरवून आत साठलेलं पाणी बाहेर काढेल. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलल्याशिवाय तो गाडी सुरू करणार नाही. हे काही न करता कोणी थेट सेल्फ मारायला निघाला, तर त्याला थांबवा. गालिचे आणि सीट बाहेर काढून वाळवणंही सोडू नका. शहरातलं पाणी गटाराचं असतं, भरतीच्या वेळी मुंबईत त्यात खारं पाणीही येतं आणि गालिच्याखाली राहिलेला ओलावा पुढे वर्षभर पत्रा खातो.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल थोडक्यात. तिच्या बॅटरीचा खोका पाण्याला बंद केलेला असतो, पण पुरात बुडालेली गाडी कंपनीच्या माणसाने तपासेपर्यंत चार्जिंगला लावू नका आणि केशरी रंगाच्या वायरींना हात लावू नका.

आता विमा. थर्ड पार्टीचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी पैसा मिळणार नाही. सर्वंकष विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण ‘परिणामी नुकसान’ वगळलेलं असतं, आणि पाणी शिरल्यावर गाडी सुरू करायला गेल्याने वाकलेला रॉड विमा कंपनी त्यात घालते. वाद इथेच होतात. यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं ॲड-ऑन मिळतं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते आणि जुन्या गाड्यांना ते बहुधा मिळत नाही. सखल भागात राहणाऱ्यांनी, तळघरात गाडी लावणाऱ्यांनी ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिसी नूतनीकरणाची तारीख पावसाळ्यानंतर येत असली तरी ॲड-ऑन आत्ता आहे की नाही, ते आज पाहून ठेवा. गाडी बुडाली तर हलवण्याआधी पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढा, लगेच विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू देऊ नका. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरीचे निम्मेच पैसे मिळतात, हेही धरून चाला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत काढली जाते. आणि फक्त गालिचे धुवायचे असतील तर क्लेम करू नका. वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारी नो-क्लेम सवलत त्यासाठी घालवणं परवडत नाही.

पूर्ण नुकसानीत निघालेल्या गाड्या मोडीतच जातात असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचं पाणी वस्त्यांत, बाजारपेठांत शिरलं आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून दूरच्या गावच्या बाजारात येतात. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या टोकाशी मातकट रेषा दिसली तर पुढे बोलणी नकोत. स्टेपनीच्या खड्ड्यातला चिखल, सीटच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आत धरलेली पाण्याची वाफ, आणि गाडीत ठासून मारलेला सुगंध, हे सगळं पाहा. काचा बंद करून उन्हात दहा मिनिटं ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. विक्रेत्याकडून विम्याच्या जुन्या क्लेमची माहिती लेखी मागा. ती द्यायला तो टाळाटाळ करत असेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

पुढच्या भागात : घाटातले ब्रेक