सरासरी मिनिटांची नको, सेकंदांची

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली कितीतरी मुले-मुली पोलीस आणि वनरक्षक भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि लागलेल्या वेळेवर गुण ठरतात. सराव घेणारे शिक्षक या वेळा हल्ली संगणकावरच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, टिपतात आणि सरासरी काढतात. काम चांगलेच आहे. पण त्यात एक खोच आहे.

समजा, शाळेतून एकाच मुलीला स्पर्धेला पाठवायचे आहे. पहिली मुलगी ८०० मीटर एकदा २ मिनिटे ५० सेकंदांत धावली, एकदा ३ मिनिटे २ सेकंदांत. गुरुजींनी लिहिले २.५० आणि ३.०२. संगणकाने सरासरी दिली २.७६. दुसऱ्या मुलीच्या वेळा २.५७ आणि २.५९, सरासरी २.५८. म्हणजे दुसरी वेगवान!

आता सेकंद मोजून पाहू. पहिलीचे १७० आणि १८२. सरासरी १७६, म्हणजे २ मिनिटे ५६ सेकंद. दुसरीचे १७७ आणि १७९. सरासरी १७८, म्हणजे २ मिनिटे ५८ सेकंद. खरी वेगवान पहिलीच, आणि घरी बसली असती तीच.

असे का व्हावे? संगणक मधल्या टिंबाला दशांशचिन्ह समजतो आणि मिनिटाचे शंभर भाग धरतो. मिनिटाचे भाग तर साठ. १९५७ साली दशमान नाणी आली, त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे असत. चार रुपये आठ आणे म्हणजे साडेचार रुपये. ते कोणी ४.८ धरून हिशेब केला असता काय? क्रिकेटमध्येही ४.३ षटके म्हणजे साडेचार षटके, हे मुलांना ठाऊक असते.

उपाय सोपा आहे. तक्त्यात मिनिटे एका रकान्यात, सेकंद दुसऱ्यात लिहावे. तिसऱ्यात मिनिटांना ६० ने गुणून सेकंद मिळवावे. सरासरी या तिसऱ्या रकान्याची काढावी. मग तिला ६० ने भागावे: भागाकार मिनिटे, बाकी सेकंद. कोणी २:५० असे लिहीत असेल, तर तक्ता बहुधा त्याला २ तास ५० मिनिटे समजतो. म्हणून ०:०२:५० असे पुरते लिहावे.

वीस मीटरच्या शटल धावण्याच्या चाचणीतही हीच गोष्ट. तिथे ५.९ म्हणजे पाचव्या पातळीची नववी फेरी. प्रत्येक पातळीत फेऱ्या सारख्या नसतात, म्हणून आधी एकूण फेऱ्या मोजाव्या आणि मगच सरासरी काढावी.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, यादी लावण्यापूर्वी दोन मुलांचा हिशेब पाटीवर करून पाहा. तो तक्त्याशी जुळला, तरच नावे वाचून दाखवा.