‘संत तुकाराम’ लोकांना का आवडला?

कितीतरी सिनेमे येतात आणि जातात. थोडेच लोकांच्या मनात घर करतात. असे का होते? एका जुन्या सिनेमावरून आपण हे समजून घेऊ.

‘संत तुकाराम’ हा बोलपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढला. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटली देशात, व्हेनिस शहरी, त्याचा गौरव झाला.

तुकोबांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक होती. मग लोक पुन्हा पुन्हा का गेले? कारण पडद्यावर त्यांना आपलेच घर दिसले. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आहेत. ते भजनात रंगून जातात. पण घरात दाणा नाही. पोर आजारी आहे. मग जिजाई चिडणार नाही तर काय? हे काम गौरी यांनी केले आहे. जिजाई पोराला ओढत देवळात नेते. हातात वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारते! बघणाऱ्याला हसू येते आणि डोळेही भरून येतात. माणसाला देव हवा, तशी भाकरीही हवी. हा सिनेमा दोघांपैकी कोणालाच खोटे पाडत नाही.

त्याची भाषाही आपली, साधी आहे. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी नवा रचला. पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला!

तुम्हांला कोणता सिनेमा आवडतो? त्यात तुमच्या घरचे काय दिसले, ते आठवून पाहा. दोन ओळी लिहूनही काढा.