जोडी मादीला ठरवू द्या

बजरीगरची (बाजारात यालाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात) जोडी लावणे म्हणजे एक नर आणि एक मादी एका पिंजऱ्यात कोंडणे, हा समज पक्ष्यांच्या जिवावर बेततो. निवड मादीची असते आणि ती डोळसपणे होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माद्यांनी आधी नापसंत केलेल्या नरांना संशोधकांनी खाऊ ठेवलेली कोड्याची डबी उघडायला शिकवले. ते कसब पाहिल्यावर माद्यांचा कल त्यांच्याकडे वळला. ‘पण कोंडलेल्या जोड्याही अंडी घालतातच की,’ असे कोणी म्हणेल. घालतात, पण अंडे म्हणजे पिल्लू नव्हे. सुमारे १८ दिवस एकटी मादी अंडी उबवते आणि नर तिला चोचीतून भरवतो. त्याने पाठ फिरवली, तर तिला अंडी सोडून दाणे टिपायला उठावे लागते. नको असलेल्या नराला ती चावून रक्तबंबाळही करते. म्हणून आधी दोन पिंजरे शेजारी ठेवा. नराच्या चोचीवरचा निळा पट्टा आणि मादीचा तपकिरी झालेला पट्टा पाहून वयात आल्याची खात्री करा. गजांतून तो तिला घास भरवू लागला आणि तिने तो घेतला, की मगच दार उघडा.