न खाल्लेल्या साखरेचा हिशेब

पुण्याहून सिंगापूरला मुलाकडे गेलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या आईला पहिला धक्का देतो तो तिथला ग्लुकोमीटर. घरी १३० बघायची सवय, इथे आकडा ७.२! घाबरू नका. आपण साखर मिलिग्रॅममध्ये मोजतो, सिंगापूर मिलिमोलमध्ये. १८ने गुणलं की आपला आकडा मिळतो. दुसरा पेच घड्याळाचा. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. मग रात्री दहाचं इन्सुलिन तिथल्या दहाला घ्यायचं की साडेबाराला?

२०१६मध्ये सिंगापूर सरकारने मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारलं. २०२२च्या अखेरीपासून तिथल्या पेयांवर साखरेनुसार ए ते डी अशी श्रेणी छापली जाते. पण रात्रीचं हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन खाल्लेल्या साखरेसाठी नसतंच. आपण झोपलो तरी यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहतं. त्याला तोड म्हणून हे बेसल इन्सुलिन.

ते पुरेसं आहे का, हे नुसत्या सकाळच्या आकड्यावरून ठरवू नये. पहाटे कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वाढतात आणि साखर चढते. तेवढं पाहून डोस वाढवला, तर रात्री दोनला साखर घसरायची!

म्हणून रात्रभराची चाचणी. जेवण लवकर, साधं, कमी तेलाचं. जेवणाच्या इन्सुलिनचा अंमल ओसरायला चार-पाच तास द्यायचे. त्यानंतर फक्त पाणी. (एकादशीचा उपास इथे कामाचा नाही, साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्चच.) मग झोपताना, दर दोन-तीन तासांनी आणि उठल्यावर साखर बघायची. अंगावर ग्लुकोज सेन्सर असेल तर झोपमोड वाचते. फरक ३० मिलिग्रॅमच्या, म्हणजे तिथल्या १.७च्या आत राहिला, तर डोस साधारण बरोबर. त्याहून उतरली तर जास्त, चढली तर कमी. ७०च्या खाली गेली की चाचणी तिथेच थांबवून साखर खायची. आजारपणात किंवा दमछाक झालेल्या दिवशी हा खटाटोप नकोच. आणि एका रात्रीवर विसंबून डोस हलवू नये. दोन-तीन रात्रींची वही डॉक्टरांपुढे ठेवावी. ते बहुधा दहा टक्क्यांच्या आसपासच बदल सुचवतात.

राहिला घड्याळाचा प्रश्न. बेसल इन्सुलिनांपैकी डेग्लुडेकचा अंमल ४२ तासांहून अधिक, त्यामुळे अडीच तास इकडेतिकडे झाले तरी चालतं. ग्लार्जिनचा साधारण एका दिवसाचा. ते तिथल्या दहाला घेतलं तर दोन डोस थोडा वेळ एकमेकांवर चढतील, तेव्हा वेळ कशी सरकवायची हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आणि पेन हातातल्या पिशवीत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं.