कढईत उरलेलं तेल

आमचा बचत गट आठवडी बाजारात भज्या-वड्यांचा गाडा लावतो. संध्याकाळी कढईत तेल उरतं. टाकून द्यायचं जिवावर येतं. म्हणून ते गाळून आळीपाळीनं एकेकीच्या घरी न्यायचो, कालवणाच्या फोडणीला. एका बैठकीत एकीनं विचारलं, "गिऱ्हाइकाला ताजं तेल, अन् आपल्या लेकरांना जळकं?" कुणालाच उत्तर सुचेना. म्हणून आज तेलाविषयीच बोलू.

तेल-तूप स्निग्धाम्लांचं बनलेलं असतं. त्यांचे मुख्य प्रकार दोन. तूप, खोबरेल, पामतेल यांत संपृक्त आम्लं बरीच असतात. थंडीत ही गोठतात. ती फार पोटात गेली तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यांच्या तेलात असंपृक्त आम्लं जास्त. हृदयाला ती बरी. त्यातली दोन, ओमेगा-३ आणि ओमेगा-६, शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. जेवणातूनच यावी लागतात. करडईत ओमेगा-६ भरपूर असतं. ओमेगा-३ मात्र आपल्या ताटात कमी पडतं. ते जवसात मिळतं, बांगडा-तारलीसारख्या मासळीत मिळतं. जवस अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो. भाजून, कुटून चटणी करा.

तिसरा प्रकार घातक: ट्रान्स फॅट. पातळ तेल कारखान्यात घट्ट करून वनस्पती तूप बनवतात, तेव्हा ते तयार होऊ शकतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. २०२२ पासून आपल्या देशात तेल-वनस्पतीत ते २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

आता कढईकडे येऊ. तापलेल्या तेलाला हवा आणि पदार्थातलं पाणी लागतं, तसं ते मोडतं. असंपृक्त आम्लं आधी मोडतात. पुन्हापुन्हा तापवलं की त्यात अपायकारक घटक साठत जातात. तेल काळपट, चिकट झालं, फेस येऊ लागला, लवकर धूर निघाला, खवट वास आला, तर ते संपलं समजा. त्यात ताजं तेल ओतलं तर जुनं सुधारत नाही, उलट ताजंही लवकर खराब होतं.

घरी एकदा तळलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला वापरावं. पुन्हा तळायला नको. पण गाड्यावर दिवसभर तापलेलं तेल घरी नेऊच नये.

आणि चांगलं तेलही मोजूनच. घरातलं सगळं तेल-तूप धरून मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम पुरे. म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. २५ ग्रॅमनं धरलं तर महिन्याला माणशी पाऊण किलो. पाच मोठ्या माणसांच्या घराला पावणेचार किलो. महिन्याचा किराणा भरताना हा हिशोब करून पाहा.

आमच्या गटानं काय केलं? मोठी कढई ठेवून दिली, लहान घेतली. तेल लागेल तेवढंच ओततो. प्लेटीमागे एक रुपया वाढवला. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण तुटलं नाही. उरलेलं तेल आता कुणाच्याच घरी जात नाही.

तुमच्या गटात उरलेल्या तेलाचं काय होतं? पुढच्या बैठकीत हा विषय काढा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.